इंजिन थंड असताना

२ फेब्रुवारी

जुनी गाडी विकत घेणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो! तुमची-माझी तक्रार एकच आहे. आपल्याला आजवर कुणी गाडी विकलेलीच नाही. आपल्याला झिलई विकली! टाकीला मेण चोळलं, सायलेन्सरचा आरसा केला, सीटवर नवं कव्हर ताणलं आणि आतला खुळखुळा आपल्या गळ्यात मारला. आणि आपण काय केलं? टाकीत स्वतःचं तोंड बघून केस सारखे केले आणि सही ठोकली!

टाळ्या. वाजवायला खोलीत मी एकटाच. काय करू, भाडेकरू संघात उभा जन्म भाषणं ठोकण्यात गेला. कोरं पान समोर आलं तरी त्यावर माणसं बसलेली दिसतात. ताई म्हणते, "तू झोपेतही 'अध्यक्षमहोदय' म्हणत असशील." लहानपणापासून ती मला भोंगा म्हणते.

आजच्या भाषणाचं कारणही ताईच. मागच्या भेटीत अचानक म्हणाली, "एक जुनी क्रूझर घे." म्हणजे ती लांबलचक, बुटकी, पसरट हँडलची मोटारसायकल, जिच्यावर माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा बसतो. भाऊजींकडे तसली एक होती. त्यांचं जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं दुकान होतं आणि सुटीच्या दिवशी ते ताईला मागे बसवून तलावाच्या रस्त्यानं न्यायचे. ते गेले, दुकान गेलं, त्यात तीही गाडी गेली.

"एकदा मला तलावापर्यंत ने. मागे पाठ टेकायला काहीतरी असलेली बघ मात्र."

"आत्ताच काय सुचलं हे?"

"हौसेला मुहूर्त लागतो का रे?"

आईच्या माघारी या बाईनं मला वाढवलं. आजवर माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही. तेव्हा गाडी घ्यायची हे ठरलं. पण आंधळेपणानं नाही. मी वाचणारा माणूस आहे. आधी अभ्यास, मग खरेदी.

६ फेब्रुवारी

एका विमा एजंटाकडे काळी क्रूझर पाहिली. माणूस फारच अगत्याचा. "निघताना फोन करा साहेब, म्हणजे मी खालीच उभा राहतो." फोन केला, तो खाली उभा. गाडी लखलखीत, आणि पहिल्याच बटणाला सुरू झाली! आवाज असा, की पोटात गुदगुल्या. बयाणा द्यायला खिशात हात घातला होता, पण म्हटलं आधी ताईच्या कानावर घालू.

९ फेब्रुवारी

रविवारी ताईकडे जायच्या आधी मी फोन करतोच. तिचाच नियम आहे: "कळवून येत जा. मी बाहेर असले तर तुझी खेप फुकट जायची." आज चारला ये म्हणाली, चारला गेलो. घर आरशासारखं. खिडक्या सताड उघड्या, साबणाचा वास. ताई खिडकीकडे पाठ करून तिच्या खुर्चीत. अंगात लोकरीचा स्वेटर, ओठांना चक्क थोडा रंग.

"या वयात नटणं?"

"गिऱ्हाईक यायचं होतं ना," म्हणाली.

डोक्याला रुमाल बांधलेला. केस अगदी बारीक कापून टाकलेत. "हेल्मेट घालायचं तर केस कशाला मधे?" याला म्हणतात तयारी! अजून गाडीचा पत्ता नाही आणि बाईंनी केस उतरवले.

मी काळ्या गाडीचं वर्णन सुरू केलं. पहिल्या बटणाला सुरू झाली इथपर्यंत आलो, तर तिनं मधेच अडवलं.

"हात लावला होतास?"

"कुठे?"

"इंजिनाला. त्यानं बटण दाबायच्या आधी."

"नाही."

ताई हसत सुटली. इतकी हसली, की ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. "अरे भोंग्या, तुझे भाऊजी काय करायचे? गिऱ्हाईकाचा फोन आला की मी चहाचं आधण ठेवायची आणि ते गाडी काढून गल्लीत दोन फेऱ्या मारायचे. गिऱ्हाईक दारात येईपर्यंत इंजिन गरम. गरम इंजिन कुठलंही पहिल्या बटणाला सुरू होतं. मरायला टेकलेलं असलं तरी."

"म्हणजे भाऊजी लोकांना फसवायचे?"

"फसवायचं काय त्यात? गाडीनं चारचौघांत बरं दिसावं. तासाभराचा तर प्रश्न असतो. तेवढा निभावला की झालं."

पहिला धडा असा: न कळवता जायचं. गाडी सुरू व्हायच्या आधी इंजिनाला तळहात लावायचा. ते थंड असेल तरच पुढचं बोलणं. खरी गाडी थंड इंजिनात कळते.

किती साधी युक्ती, आणि किती जणांना गंडवलं असेल तिनं! फोन करून जाणारा सभ्य माणूस स्वतःच्या सभ्यतेमुळे फसतो. यावर एक पूर्ण भाषण होईल.

निघताना ती दारापर्यंत आली नाही. "तुला दार माहीत आहे," म्हणाली. आमच्यात उपचार नाहीतच.

१४ फेब्रुवारी

दुसरी गाडी एका दातांच्या डॉक्टरची. न कळवता गेलो. गृहस्थ पायजम्यात, माझ्यावर जाम वैतागले. "अहो, फोन करायची रीत असते!" मी आधी इंजिनाला हात लावला. गार. म्हटलं, आता करा सुरू. गाडी खोकली, थुंकली, कशीबशी पेटली आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. निळा धूर म्हणजे इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतंय, आतून झिजलंय.

"सकाळची थोडी कुरकुर असते," डॉक्टर म्हणाले.

"दाताबद्दल असं म्हणणाऱ्या पेशंटला तुम्ही काय सांगता?"

त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. मी विजयी मुद्रेनं बाहेर पडलो.

२३ फेब्रुवारी

ताईकडे. फोन करून, अर्थात. तिनं आज शिकवणी घेतली आणि मी उतरवून घेतलं.

गाडी भिंतीला खेटून उभी असेल, तर भिंतीकडची बाजू आधी बघायची. पोचा तिकडेच असतो. उजेड कुठून येतोय ते बघायचं. विकणारा हुशार असेल तर गाडी अशी लावतो, की उजेड तिच्या मागून यावा आणि गिऱ्हाईकाचे डोळे दिपावेत. मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, तो मागे फिरवता येतो. पाय ठेवायच्या जागचं रबर बघायचं. मीटर सांगतो थोडीच चालली, आणि रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर रबराचं खरं. हात-पाय जिथे लागतात तिथे खोटं बोलता येत नाही.

तिच्या मागच्या खिडकीतून ऊन थेट माझ्या डोळ्यांत येत होतं. एका हातानं डोळ्यांवर आड धरून लिहावं लागलं. पण आवाज कसा खणखणीत! या वयात एवढी स्मरणशक्ती. तिची बोटं सारखी अंगठीशी चाळा करत होती. अंगठीला आतून दोरा गुंडाळलाय, सैल होते म्हणून. आमची ताई पहिल्यापासून काटकसरी, सोनाराकडे जाणार नाही.

चहा माझ्या एकट्यापुरता होता. तिचा झाला होता म्हणे.

जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई भेटली. औषधांच्या दुकानात कामाला आहे. म्हणाली, "भाऊ, तुम्ही नेहमी फोन करूनच येता ना?"

"हो, आमची शिस्त आहे."

तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "असं होय," म्हणाली आणि आत गेली. काही लोकांना दुसऱ्याची शिस्त बघवत नाही.

२ मार्च

तिसरी गाडी, लाल. भिंतीला खेटून! बाहेर ओढायला लावली. हँडलखाली, जिथे गाडीची सगळी चौकट एकत्र येते तिथे, नव्या रंगाखाली बोटांना गाठ लागली. वेल्डिंग. म्हणजे समोरून जबरदस्त धडक बसून चौकट मोडली होती. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं, तर मधोमध अडकल्यासारखं झालं. विकणारा म्हणतो, "अपघात? छे छे, घरची गाडी आहे."

घरच्या गोष्टीच जास्त झाकतात लोक, असं त्याला ऐकवून आलो.

ताईला फोनवर सांगितलं. वाटलं होतं शाबासकी देईल. तिनं विचारलं, "म्हणजे नाहीच मिळाली?"

"घाई केली की माणूस फसतो. तूच शिकवलंस."

मग म्हणाली, "हो. मीच शिकवलं."

९ मार्च

सकाळी फोन केला, तर आज नको म्हणाली, कुणीतरी येणार आहे. मला हायसंच वाटलं, खोटं कशाला लिहू. संघाचं अधिवेशन महिनाअखेरीस आहे. भाषणाचा विषय ठरला: घरमालकांनी इमारतींची खरी अवस्था भाडेकरूंपासून लपवू नये. भेगा पडल्या की वरून रंग फासायचा, आणि रंग वाळेपर्यंत भाडं वाढवायचं!

१६ मार्च

एका घड्याळदुरुस्तीवाल्याकडे करड्या रंगाची क्रूझर आहे असं कळलं. न सांगता धडकलो. तो डोळ्याला भिंग लावून बसलेला. मी काही विचारायच्या आत फडकं घेऊन गाडीपाशी आला आणि उलटाच उद्योग सुरू केला.

"सायलेन्सर खालून गंजलाय, इथे वाका. टायर जुने आहेत. बाजूला चार आकडे छापलेत बघा, आठवडा आणि साल. ताबडतोब बदला. डाव्या बाजूला इंजिन जरा टकटक करतं, तेवढं काम निघेल. आणि मागे पाठ टेकायला काही नाही, आमच्या हिला कधी लागलंच नाही."

"तुम्हाला गाडी विकायची आहे ना?"

"विकायची आहे. पण पुन्हा तुमचं तोंड बघायचं नाही!"

टाकीत बॅटरी मारून पाहिलं, आत गंज नाही. इंजिन गार. चोक ओढून पहिल्या बटणाला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला पेटली. धूर नाही. मग ताईनं शिकवलेली शेवटची परीक्षा घेतली. रस्त्यावर बादलीभर पाणी ओतलं, त्यातून गाडी सरळ पुढे नेली आणि मागे वळून पाहिलं. मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग गेलं तर ओली रेघ एकच उमटते. चौकट वाकडी असेल तर दोन. इथे एकच रेघ होती. जणू पट्टी लावून मारलेली.

तरीही मी हो म्हटलं नाही. पाठीचा प्रश्न आहे. शिवाय अजून दोन गाड्या बघायच्या राहिल्यात.

"बघा की," घड्याळवाला म्हणाला. "गाडी कुठे पळून जात नाही."

१८ मार्च

सोळालाच रात्री ताईला करड्या गाडीचं सगळं सांगितलं होतं. आज तिचाच स्वतःहून फोन.

"ती करडी घे."

"अजून दोन बघून..."

"गंज ज्यानं स्वतः दाखवला त्याच्याकडूनच घ्यायची असते. घे आणि ये."

"पण पाठ नाहीये तिला."

"पाठ राहू दे. मी तुला धरून बसेन."

"बरं, अधिवेशन उरकतो आणि घेतो. महिनाअखेर."

"महिनाअखेर," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं." आवाज बारीक येत होता. तिकडचा फोन जुना झालाय, बदलून द्यायला हवा.

२९ मार्च

अधिवेशन. आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण आज झालं. "आमच्या डोक्यावरचं छत कधी कोसळणार हे आम्हाला कळण्याचा हक्क आहे! आमच्यापासून लपवू नका!" सगळं सभागृह उभं राहिलं. मागच्या रांगेतली एक म्हातारी रडत होती.

उद्या गाडी.

३० मार्च

गाडी घेतली. एवढा हरखलो होतो, की फोन केला नाही. म्हटलं, तिच्या खिडकीखाली हॉर्न वाजवू, तोच फोन.

तीनदा वाजवला. खिडकी बंदच.

वर गेलो तर दार नुसतं लोटलेलं. खालची बाई हातात तसराळं घेऊन पलंगाशी उभी. पलंगावर ताई. रुमाल नाही, स्वेटर नाही, रंग नाही. मी आधी ओळखलंच नाही. हे लिहायला हात धजत नाही, पण असंच झालं. मला वाटलं, ताईच्या पलंगावर ही कोण म्हातारी झोपलीय.

तिनं डोळे उघडले. "फोन का नाही केलास, गाढवा?"

मी पलंगापाशी गेलो.

"बघितलंस ना आता? थंड इंजिन." श्वास घेऊन म्हणाली, "पाड आता किंमत."

१ एप्रिल

खालच्या बाईकडून सगळं कळलं. पोटात कॅन्सर, गेल्या वर्षीच निघाला होता. आता औषध फक्त दुखण्यावर. माझा फोन आला की ताई त्या बाईला वर बोलवायची. गोळी तासभर आधी घ्यायची म्हणजे चारला तिचा अंमल चढतो. खिडक्या उघडायच्या, साबणानं पुसून घ्यायचं, खुर्ची उजेडाकडे पाठ करून लावायची, धरून तिथे नेऊन बसवायचं. मी गेलो की पुन्हा पलंग.

"मी जिन्यात सांगणार होते हो," बाई म्हणाली. "त्यांनी शपथ घातली होती."

मी ताईला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" आवाज चढला माझा. आयुष्यभराची सवय.

"ओरडू नकोस, इथे मागच्या रांगा नाहीत." मग म्हणाली, "बाकी सगळे आजारी बाईला भेटायला येतात. हळू बोलतात, उशी सारखी करतात. तू यायचास आणि गाड्यांवर भांडायचास. तो तासभर मी बरी असायची रे. दिसायची नाही, असायची."

"मला कळायला हवं होतं."

"गिऱ्हाईकाला कळलं तर दुकान कसं चालायचं?"

३ एप्रिल

आज म्हणाली, गाडी बघायची. खालच्या बाईनं आणि मी तिला खुर्चीसकट अंगणात उतरवलं. तलाव नाही, रस्ता नाही. गाडीवर बसणंही शक्य नाही. तिनं हात पुढे केला. मी गाडी जवळ आणली. तिनं इंजिनावर तळहात ठेवला.

"गार आहे. आता कर."

पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा पेटली. तिनं मान कलती करून ऐकलं, डोळे मिटून.

"डावीकडे टकटक आहे. सांगितलं होतं त्यानं?"

"हो."

"मग माणूस चांगला. पाणी टाक."

बाईनं अंगणात बादली उपडी केली. मी पाण्यातून गाडी सरळ फाटकापर्यंत नेली, तिथेच लावली आणि चालत परत आलो. ताई फरशीवरच्या ओल्या रेघेकडे बघत होती.

"एकच आहे," म्हणाली. "सरळ आहे गाडी."

उन्हात ती रेघ वाळून जाईपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसलो. मी एक शब्द बोललो नाही. ताई बाईला म्हणाली, "बघ, भोंगा बंद पडला. तपासून घे."

११ एप्रिल

ताई गेली. सकाळी, मी शेजारी असताना. गेल्या आठवड्यात फोन करायचा प्रश्नच नव्हता, मी तिथेच राहत होतो.

१३ एप्रिल

माणसं येऊन गेली. मागवलेल्या खुर्च्या परत गेल्या. तिची खुर्ची अजून खिडकीकडे पाठ करून ठेवलेली आहे. मी ती फिरवून लावली. मग पुन्हा होती तशी केली.

२० एप्रिल

तलावावर जाऊन आलो. एकटाच. मागे कुणी नव्हतं, तरी वळणावर गाडी जपून घेतली.

सारखा हिशेब करतोय, आणि प्रत्येक वेळी तोच निघतो. करडी गाडी सोळा मार्चला माझ्यासमोर उभी होती. त्या दिवशी घेतली असती तर ताई कदाचित मागे बसू शकली असती, मला धरून. मी गंज बघितला, टायरचं साल बघितलं, रबर बघितलं. तिच्या अंगठीतला दोरा बघितला आणि काटकसर म्हणून लिहून ठेवला. इथेच आहे, चार पानं मागे, माझ्याच अक्षरात.

खालची बाई म्हणते, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या म्हणायच्या, रविवारचा तास होता म्हणून आठवडा निघाला." असेल. तिचं म्हणणं मी खोडत नाही. पण माझंही सोडत नाही. तिला तो एक तास मिळाला. मी न कळवता गेलो असतो तर मला सगळा आठवडा मिळाला असता, तिची उशी सारखी करायला, आणि गाड्यांवर भांडायलासुद्धा. भांडण तर मी कुठल्याही खोलीत करू शकतो!

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याही घरात कुणीतरी आहे, जे म्हणतं, "येताना कळवून ये." तुम्हाला ते लख्ख खोलीत, उजेडाकडे पाठ करून भेटतं, आणि तुम्ही जिना उतरताना म्हणता, काय तब्येत आहे हो या वयात! तुम्हालाही झिलईच विकली जाते आहे. प्रेमानं विकली जाते, एवढाच फरक.

ताई, तुझी हरकत मला ऐकू येते. "लोकांना त्यांचा तास राहू दे, भोंग्या." हरकत नोंदवून घेतली आहे. ठराव तरीही मांडतो.

आज फोन करू नका. उठा, जा, दार लोटा, आणि ते माणूस उठून बसायच्या आत त्याच्या कपाळावर हात ठेवा.